बाभळीचा बंपर

ओळखीच्या माणसाची गाडी त्यानं जन्मात कधी ओलांडली नाही. समोर अनोळखी कुणी असला तर तो खुशाल पुढं जायचा. पण तासगावच्या स्टँडावर ज्याच्याबरोबर एकदा चहा प्यायलाय असा माणूस पुढं दिसला, की हा आपली पिकप त्याच्या मागं लावायचा आणि कराडपर्यंत, साताऱ्यापर्यंत, जिथवर जायचं तिथवर त्याची धूळ खात जायचा. "वळखीच्या माणसाला मागं टाकू न्हाई गड्या. तेला घरी गेल्यावर जेवान जात न्हाई," असं त्याचं म्हणणं. माझं उलट होतं. तो मागं आहे हे कळलं की मलाच जेवण जात नसे.

गावात त्याला सगळे पाव्हणा म्हणत. जतकडच्या कोरड्या मुलखातला, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखलेल्या घरातला माणूस. आमच्या गावात त्याची सासुरवाडी. चार दिवस म्हणून आला आणि राहिलाच. पुढं स्वतःचं घर झालं, घरापुढं लिंबाखाली मोठं आवार झालं, पोरं शाळेत जायला लागली, तरी नाव पाव्हणाच. मला त्या शब्दाचा फार राग यायचा. कारण पाव्हणा म्हणायचे त्याला, आणि माझ्याच घरात पाव्हण्यासारखा झालो होतो मी. ते कसं, ते पुढं सांगतो.

आम्ही दोघं एकाच धंद्यात. हंगामात द्राक्षाच्या पेट्या, एरवी बेदाणा, कांदा, लग्नसराईत वऱ्हाड. माझी पिकप नवी कोरी होती. आकाशी रंग, आत आरशाला गोंडे, मागच्या फाळक्यावर पेंटरकडून काढून घेतलेली कमळाची दोन फुलं. त्याची पिकप महायुद्धाच्या वेळची, लष्कराच्या लिलावातून कुणाकुणाच्या हाती फिरत त्याच्यापर्यंत आलेली. तिचं इंजिन पार झिजलं होतं. पेट्रोलनं पोट भरत नाही म्हणून ऑइलही प्यायचं आणि मागून निळा धूर सोडायचं. विट्याच्या चढाला तिला पहिला गिअरसुद्धा पुरत नसे. मग हा चाकाला दगड लावून खाली उतरायचा आणि तिच्याशी बोलायचा. खरंच बोलायचा. "दम खा बाई. कुनी हाकललंय का तुला?" स्टँडावर लोक ही गोष्ट सांगून हसत. मीही हसे, इतरांपेक्षा थोडं मोठ्यानं. ते माझे सुखाचे दिवस होते.

हॉर्न त्यानं काढूनच टाकला होता. "वरडून वाट मागायची म्हंजी भीकच की!" समोर गुरं आली की खिडकीतून डोकं काढून जिभेनं टक् टक् करायचा, आणि गुरं बाजूला व्हायची. माझ्या हॉर्नला व्हायची नाहीत. रस्त्यात मेंढरांचा कळप लागला तर विचारायलाच नको. गाडी बंद करून हा मेंढक्याच्या शेजारी उकिडवा बसायचा. कुठल्या माळाला चारा आहे, कुठली मेंढी व्यालीय, कुणाच्या पोरीचं कुठं जमलंय, सगळी चौकशी. इकडं हौद्यात द्राक्षं तापतायत, तिकडं व्यापारी वाट बघतोय, याला त्याचं काही नाही. एवढं असूनही व्यापारी पहिला माल त्यालाच द्यायचे. म्हणायचे, "पाव्हण्याच्या गाडीत द्राक्षाचं मनी गळत न्हाईत." ते खरं होतं. हौद्यात लेकरू निजलंय अशा बेतानं तो गाडी चालवायचा. मी वेळेवर पोचायचो, पण पेट्या उघडल्या की तळाला मण्यांचा ढीग.

इंजिनाची दुखणी तो काठीनं ऐकायचा. बापाची मेंढरं राखायची काठी होती ती. तिचं एक टोक इंजिनावर टेकवायचा, दुसरं कानाला, आणि डोळे मिटून उभा राहायचा. एकदा स्टँडावर न विचारता माझ्या गाडीलाही काठी लावली आणि म्हणाला, "तुमच्या गाडीला कसली तरी काळजी लागलीया बगा." माझ्या नव्या गाडीला काळजी! चार माणसांत बोलला म्हणून मी भडकलो. "आधी आपल्या म्हातारीचं बघा," असं काहीतरी बोललो. तो हसला आणि काठी घेऊन गेला. पुढं थोड्याच दिवसांत माझा पाण्याचा पंप गेला. तो मी सांगलीला जाऊन गुपचूप बदलून आणला. त्याला कळू दिलं नाही. पण त्याला कळलं असणार.

आता आबांचं सांगतो, कारण हे सगळं शेवटी त्यांच्यापाशीच येऊन थांबतं.

आबा म्हणजे माझे वडील. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी पलटणीत ट्रक चालवण्यात घालवली. बर्फात, चिखलात, एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला दरी अशा रस्त्यांवर. पेन्शनीत आले तेव्हा ताठ होते. आई गेली आणि ते ओसरीतल्या बाजेवर बसले ते बसलेच. बोलणं बंद झालं. जेवायला हाक मारली तर यायचे, न मारली तर नाही. मी गाडी घेतली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं, मी चालवतोय आणि शेजारच्या सीटवर आबा बसलेत. दुसरं काही नको होतं मला. कधीतरी त्यांनी माझं चालवणं बघावं आणि एक शब्द बोलावा.

गाडी दारात आली त्या दिवशी बायकोनं ओवाळलं, चाकाखाली लिंबं ठेवली. आबा बाजेवरून उठले, बॉनेटवर एकदा बोटं वाजवली, "झ्याक हाय" म्हणाले आणि परत जाऊन बसले. मी म्हटलं, "आबा, चला की विट्यापतूर."

"बगू. फुडच्या खेपंला."

ती पुढची खेप काही आली नाही. मी दर वेळी विचारायचो, ते दर वेळी तेच म्हणायचे. पुढं पुढं मी विचारायचंही सोडलं. निघताना नुसता ओसरीकडं बघायचो.

दिवाळी झाल्यावर एक दिवस पाव्हणा आमच्या दारात येऊन उभा राहिला. मला वाटलं माझ्याकडं आला असेल. तो सरळ ओसरीत गेला.

"आबा, पलटणीतलं एक इंजान आनलंय. तुमच्या वळखीचं निगतंय का, येऊन बगता का जरा?"

आबांनी त्याच्याकडं पाहिलं. मग पाय खाली सोडून बाजेखालचे बूट ओढले. ते बूट आई गेल्यापासून कुणी बाहेर काढलेले मी पाहिले नव्हते. नाडी बांधून ते त्याच्यामागं निघालेसुद्धा. मीही गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं.

लिंबाखाली बैलगाडीवर पेंढ्यात ते धूड पडलं होतं. सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, गिअरबॉक्ससकट. पाव्हण्याच्या पिकपचं जुनं इंजिन चार सिलिंडरचं. हे म्हणजे निम्मी गाडी झाली असती. आबांनी पेंढा बाजूला केला, तळवा इंजिनावर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

"तीन-टनी ट्रकचं हाय हे," ते म्हणाले. "माज्या हाताखालचं. ह्यो नळ हितं वाकडा असतोय, बग. चिखलात लय साथ दिली ह्येनं."

"मग तुमीच सांगा आबा, माज्या म्हातारीला सोसंल का?"

"सोसवू की."

सोसवू. आपण दोघं मिळून. माझ्या बापाच्या तोंडून मी तो शब्द ऐकला. माझ्या कोऱ्या गाडीला नुसती बोटं, आणि याच्या भंगाराला आख्खा तळवा!

त्या दिवसापासून आबा सकाळी खाकी पँट चढवून त्याच्या आवारात जायला लागले. जुनं इंजिन उचलायच्या दिवशी दोघांची जुंपली. पाव्हण्याला साखळी लिंबाच्या फांदीला टांगायची होती. फांदी पेलते का बघायला तो स्वतः तिला लोंबकळून आला होता. आबा म्हणाले, "तुजं वजन किती आन् ह्येचं किती! उतर खाली." मग आबांनी पलटणीतल्या पद्धतीनं तीन वासे बांधून तिवई उभी केली आणि तिच्यावरून साखळी सोडली. "हां, घ्या उचलून! दबके! सावकास, दबके!" अशा आरोळ्या देत होते. गल्लीतली माणसं जमली. बायको पाण्याची कळशी भरून आली आणि म्हणाली, "आवं, आबांचा आवाज पार हिरीपतूर ऐकू येतूया. किती दिसांनी!" तिचा चेहरा उजळला होता. मी म्हटलं, "घरात काय घसा बसतोय व्हय त्यांचा?" ती कळशी सावरून घराकडं निघाली.

जुनं इंजिन भंगारात जाईल असं सगळ्यांना वाटलं होतं. पाव्हण्यानं ते धुतलं, पुसलं, त्याला देवाची हळद, भंडारा, लावला आणि विहिरीवर पाणी उपसायला बसवलं. "म्हातारा मेंढा झाला म्हनून आमच्या घरात कुनी खाटकाला दिला न्हाई. बसून खाऊ दे," म्हणाला. ते इंजिन पुढं कितीतरी वर्षं तिथं धूर सोडत बसलं होतं.

नवं इंजिन लांबीला इतकं होतं की पिकपच्या नाकात मावेना. मग त्यांनी नाक कापलं. रेडिएटर हातभर पुढं आणला, पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांत जादा पानं घातली, केबिनची लोखंडी भिंत कापून गिअरची दांडी सीटच्या मधोमध वर काढली. तिथं बसणाऱ्याला पाय फाकवून बसावं लागे. मूळचा बंपर आता आतच राहिला, म्हणून पाव्हण्यानं बाभळीचं एक जाड लाकूड तासून त्याला लोखंडी पट्ट्या मारल्या आणि ते पुढं बसवलं. गाडी इतकी बेढब दिसायची की बघणाऱ्याला हसू आवरत नसे. पाव्हण्याला त्याचं काही नव्हतं. रोज खेपेला निघताना तो त्या लाकडाला या टोकापासून त्या टोकापर्यंत भंडारा फासायचा. पिवळंजर्द लाकूड पुढं आणि मागून तो. लांबून ओळखू यायची गाडी. माझी आकाशी गाडी मात्र आकाशी गाड्यांतली एक.

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं त्या दिवशी निम्मं गाव तिथं होतं. तो आवाज मी आजही विसरलो नाही. खर्जातला, सावकाश, जमिनीतून पायात येणारा. आबा गाडीपुढं सावधानमध्ये उभे राहिल्यासारखे उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुसायचंही भान नव्हतं त्यांना. मी खिशात हात घालून लांब उभा होतो. माझ्या गाडीच्या आवाजाला कुणाचे डोळे कधी ओले झाले नव्हते.

मग पाव्हण्यानं गाडी गिअरमध्ये टाकली, जोशात पाय दाबला, आणि मागून काडकन आवाज आला. गाडी जागची हलली नाही. मागचा ॲक्सल तुटला होता. दोघांनी पुढचं सगळं नवं केलं आणि मागं जुनं तसंच ठेवलं होतं. पलटणीच्या इंजिनाचा जोर त्या म्हाताऱ्या ॲक्सलला कसा पेलावा? लोक हळहळले. मला इतकं बरं वाटलं की मी जमलेल्या सगळ्यांना चहा पाजला.

पाव्हणा मात्र खाली वाकून बघून आला आणि खदाखदा हसला. "चूक आपली, आबा. फुडं दांडगा मेंढा आनला आन् मागच्या पायांना इचारलंच न्हाई."

नवा जाड ॲक्सल सांगलीतल्या एका लेथवर करून घ्यायचा ठरला. दोघं एस.टी.नं गेले. संध्याकाळी आबा परत आले ते बोलतच आले. लेथवाला कसा होता, पाव्हण्यानं त्याच्या लेथलाच कशी काठी लावून ऐकलं, मग विश्रामबागेत रस्त्याकडेला बसून भेळ कशी खाल्ली, भेळेत ओला हरभरा कसा होता. जेवताना सगळा वेळ तेच. बायको तोंडाला पदर लावून हसत होती. मी भाकरी मोडत होतो आणि घास गिळवत नव्हता. बापाला भेळ आवडते हे मला या वयात कळत होतं, तेही पाव्हण्यामुळं.

मी माझ्यापरीनं काही केलं नाही असं नाही. गाडीला तीन सुरांचा नवा हॉर्न बसवला आणि ओसरीपुढं येऊन वाजवला. आबा म्हणाले, "कानाला लागतोय."

ॲक्सल बसल्यावर पाव्हण्यानं आणखी एक विक्षिप्तपणा केला. पायाखालच्या ॲक्सिलेटरच्या मागं लाकडाचा एक ठोकळा ठोकून बसवला, म्हणजे कितीही दाबलं तरी तो निम्म्याच्या पुढं जाऊ नये. एवढं दांडगं इंजिन आणायचं, त्यासाठी गाडी उभी-आडवी कापायची, आणि मग त्याचा निम्मा जोर बंद करून ठेवायचा! स्टँडावर मी हे सगळ्यांना रंगवून सांगितलं. त्याला विचारलं तर म्हणाला, "अंगात जोर हाय ह्ये गाडीला कळू द्यायचं न्हाई गड्या. कळलं की मोडती ती. आन् मानूस बी."

मला वाटलं, हे मलाच बोलला.

द्राक्षांचा हंगाम सुरू झाला. पुण्याच्या एका व्यापाऱ्याचा माल आम्हा दोघांच्या गाड्यांत भरला होता. पहाटे निघताना बघतो तर आबा खाकी पँट, बूट आणि खांद्यावर धुवट पांढरा टॉवेल टाकून रस्त्यात उभे. खंबाटकीच्या घाटात ते इंजिन कसं ओढतं हे त्यांना बघायचं होतं. मी गाडी हळू केली. ते मागच्या गाडीकडं गेले आणि पाय फाकवून पाव्हण्याच्या शेजारी बसले.

सगळी वाट तो माझ्या मागं. कराड आलं, गेलं. सातारा आलं, गेलं. सपाट रस्त्यावर मी जोरात पळवावी तर आरशात तो लहान व्हायचा आणि पुढच्या गावात परत मोठा होऊन यायचा. पिवळं लाकूड आणि त्याच्यावर काचेत दोन डोकी. आबांचे हात हलताना दिसायचे. बोलत होते. त्याला मला ओलांडायचं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तो पुढं गेला असता तर बरं झालं असतं. पण तो मला पुढं राहू देत होता, आणि ते सोसण्यापलीकडचं होतं.

घाटाच्या पायथ्याला आम्ही पाणी घालायला थांबलो. ऊन चढलं होतं. मी रेडिएटरचं झाकण लावत होतो तेवढ्यात पाव्हण्याचं बोलणं कानावर आलं.

"आबा, आता वरपतूर तुमी लेकाच्या गाडीत बसा. घाटात माज्या इंजानाचा लय ताव येतोय पायाला. भाजतंय."

"मला पलटणीत काय पंखा हुता व्हय?"

"तसं न्हवं आबा. इंजान कसं ओढतंय त्ये आतनं कळत न्हाई. फुडच्या गाडीत बसून ऐकलं की कळतंय."

आबांना ते पटलं. माझ्या गाडीचं दार त्यांनी उघडलं, आत बसले, दार हलक्या हातानं ओढून घेतलं. मला हे दान आहे हे कळत होतं. कळत असूनही मी हरखलो. आबा शेजारी. इतकी वर्षं मनात धरलेलं चित्र माझ्या गाडीत येऊन बसलं होतं.

आणि मी घाई केली. घाट कसा चढवतो ते त्यांना दाखवायचं होतं मला. तिसऱ्या गिअरवर गाडी पळवत पहिली दोन वळणं मारली. नंतरच्या अवघड वळणावर समोरून भरलेला ट्रक उतरत आला आणि रस्ता खाऊन बसला. मला थांबावं लागलं. भर चढावर, भरल्या गाडीनिशी. ट्रक गेला. मी पहिल्यात टाकून क्लच सोडला. इंजिन गुरगुरलं, गाडी थरथरली आणि जागेवरच राहिली. परत सोडला. क्लच जळाल्याचा वास आला. रेडिएटरची वाफ काचेवर यायला लागली. गाडी मागं ओघळायला लागली. मी ब्रेकवर उभा राहिलो तरी ती वीतवीतभर सरकतच होती. डाव्या अंगाला दरी. मी आबांकडं बघितलं नाही. माझी बघायची हिंमत नव्हती.

तेवढ्यात कुठंतरी धप्प झालं. मला वाटलं गिअर नीट बसला. मी क्लच सोडला आणि गाडी निघाली. नुसती निघाली नाही, मान वर करून निघाली. वळण गेलं, पुढचं गेलं. माझ्या गाडीचा आवाज मला इतका भरदार कधी लागला नव्हता. आरशात बघायचंही भान मला नव्हतं. मी मनात म्हटलं, बघा आबा, बघा! आबा समोर बघत होते. मान किंचित वाकडी, काही ऐकत असल्यासारखी.

माथ्यावर देवीच्या देवळापाशी मी गाडी सपाटीला घेतली. आबा माझ्याआधी उतरले. पलटणीतली त्यांची सवय, टप्पा संपला की गाडीभोवती फेरी मारायची, चाकं बघायची. माझ्या गाडीभोवती ते पहिल्यांदाच फेरी मारत होते. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिलो. मागं ते जरा जास्त वेळ थांबले. मग माझ्या खिडकीशी आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"शाब्बास," म्हणाले. "चढवलीस."

त्या एका शब्दासाठी मी गाडी घेतली होती.

आम्ही चहा सांगितला तरी पाव्हण्याचा पत्ता नव्हता. बऱ्याच वेळानं तो सावकाश वर आला. "शेवटच्या वळनावर एक मेंढका भेटला, बोलत बसलो," म्हणाला. "पर काय चढवली गड्या तुमी! मला गाठताच आली न्हाई." आणि चहा फुंकायला लागला.

मी सहज म्हणून त्याच्या गाडीकडं बघितलं. सकाळी ते बाभळीचं लाकूड या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळं होतं. आता मधल्या भागात भंडारा पुसला जाऊन कोरं लाकूड दिसत होतं, आणि त्यावर आकाशी रंगाचा एक ओरखडा. केबिनमध्ये सीटवर तो ठोकळा उपटून टाकलेला पडला होता. ॲक्सल तुटेल याची पर्वा न करता त्यानं पाय पुरता दाबला होता.

मी चहा तसाच ठेवला आणि माझ्या गाडीच्या मागं गेलो. सगळा फाळका घाटाच्या धुळीनं माखला होता. फक्त मधली पट्टी स्वच्छ होती. कुणीतरी घासून पुसल्यासारखी. कमळाच्या एका फुलाचा रंग उडाला होता.

परत येऊन बसलो. आबा चहा पीत होते. खांद्यावरचा टॉवेल आता घडी घालून मांडीवर घेतला होता, मळकी बाजू आत. घडीच्या कडेला बोटभर पिवळं दिसत होतं. मी बघतोय हे त्यांना दिसलं. त्यांनी टॉवेल उलटा केला आणि पाव्हण्याला म्हणाले, "इंजान झ्याक ओढतंय रं."

"व्हय की," पाव्हणा म्हणाला.

पुढं दोघांपैकी कुणीही त्या दिवसाचा विषय काढला नाही. पाव्हण्यानं स्टँडावर एक अक्षर सांगितलं नाही. मी त्याच्या जागी असतो तर सांगली जिल्ह्यात एक माणूस ऐकायचा ठेवला नसता. त्यानं माझी फजिती केली असती तर मी त्याला कधीतरी माफ केलं असतं. पण इंजिन त्याचं, जोर त्याचा, आणि शाब्बासकी मला देऊन तो मेंढक्याची सबब सांगत चहा फुंकत बसला. ह्याचं काय करायचं माणसानं? त्या दिवसापासून तर मला त्याचा जास्तच हेवा वाटायला लागला.

घरी आल्यावर बायकोनं धुणं काढलं. टॉवेल झटकून तिनं ओसरीकडं हाक मारली, "आबा, ह्येला हाळद कुटं लागली वो एवडी?"

"घाटातल्या देवीची हाय ती," आबा म्हणाले.

तिनं तो टॉवेल साबणानं धुतला, उन्हात टाकला, परत धुतला. डाग फिका झाला, गेला नाही. आबा त्यानंतर माझ्याच गाडीत बसायला लागले, हातपाय थकेपर्यंत. दर खेपेला बूट चढवून रस्त्यात उभे असायचे, मी दार उघडून द्यायचो, ते बसायचे. पण खांद्यावर टॉवेल तोच. दुसरे मी दोन आणून दिले, ते पेटीत पडून राहिले. आणि गाडी चालवताना मी जेव्हा जेव्हा कौतुकानं बाजूला आबांकडं बघायचो, तेव्हा त्यांच्या चेहऱ्याच्या आधी मला तो पिवळा डाग दिसायचा.